धुराचा पाइप उलटा की सुलटा?

मित्रांनो, आपल्या रायपूरची थंडी तशी नावापुरतीच. डिसेंबरात पहाटेच्या पीटीला जर्सी घातली की भागते. त्यामुळे लाकडाच्या शेगडीला धुराचा पाइप कसा जोडायचा, हा प्रश्न आपल्यापैकी फारशा कोणाला पडला नसेल. मलाही गेल्या हिवाळ्यापर्यंत पडला नव्हता. मैनपाटच्या शिबिरात तो पडला आणि चांगलाच लक्षात राहिला. पुढे आपल्यापैकी काही जण काश्मीरला किंवा लडाखला जातील. बाकीच्यांच्या घरी, गावी कुठे ना कुठे चूल असतेच. म्हणून हा लेख.

आमची चूक

मैनपाट सरगुजा जिल्ह्यात आहे. उंची समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून जास्त. तिथे कडाक्याच्या थंडीत पहाटे गवतावरचे दव गोठते. आम्ही ज्या हॉलमध्ये उतरलो होतो तिथे कोपऱ्यात पत्र्याची एक जुनी बुखारी पडली होती. बुखारी म्हणजे आत लाकूड जाळून खोली गरम करायची बंद शेगडी. तिचे पाइपाचे चार तुकडे आणि एक कोपर शेजारीच होते. आम्ही सहा जणांनी ठरवले की उस्ताद येण्याआधी आपणच ती जोडून पेटवायची.

प्रत्येक तुकड्याचे एक टोक साधे होते आणि दुसऱ्या टोकाला चुण्या पाडून ते थोडे बारीक केलेले होते. चुण्यांचे टोक दुसऱ्या तुकड्याच्या साध्या टोकात जाते, एवढे कोणालाही कळते. प्रश्न होता तो चुणी वर ठेवायची की खाली. आमच्यातला एक जण म्हणाला, "कौलं कशी लावतात? वरचं कौल खालच्यावर येतं. तसंच वरचा पाइप खालच्याच्या बाहेरून यायला हवा, म्हणजे वर जाणारा धूर फटीतून बाहेर येणार नाही." आम्हा सगळ्यांना ते पटले. आम्ही सगळ्या चुण्या वर ठेवल्या, कोपर लावला, आडवा तुकडा भिंतीतल्या भोकात सरकवला आणि थंडी आत येऊ नये म्हणून खिडक्या घट्ट लावल्या.

अर्ध्या तासात प्रत्येक जोडातून काळा, चिकट, उग्र वासाचा द्रव बाहेर येऊन पाइपावरून ओघळू लागला. एक थेंब माझ्या कांबळ्यावर पडला, तो डाग अजून गेलेला नाही. आडवा तुकडा मध्ये झोकला होता, तिथून थोडा धूरही येत होता. पण खरी गोष्ट वेगळीच होती. आमच्यातल्या दोघांचे डोके दुखायला लागले आणि एकाला मळमळू लागले. आम्हाला वाटले, घाटातल्या बसचा परिणाम असेल.

तेवढ्यात उस्ताद आले. त्यांनी काही न विचारता आधी दोन्ही दारे आणि सगळ्या खिडक्या उघडल्या आणि आम्हाला बाहेर काढले. "पहले हवा, बाद में सवाल," एवढेच ते म्हणाले. बाहेर आल्यावर थोड्या वेळाने डोकी थांबली. दुसऱ्या दिवशी बुखारी थंड असताना उस्तादांनी ती आमच्याकडूनच सुटी करवली आणि पुन्हा जोडून घेतली. पुढची बरीचशी माहिती त्या दोन तासांतली आहे. बाकीची मी नंतर वाचून आणि विज्ञानाच्या सरांना विचारून मिळवली.

पाइप धूर ओढतो म्हणजे काय?

आपण समजतो की आग धूर वर ढकलते. खरे तर पाइप धूर ओढतो. २० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२ किलो असते. तीच हवा २०० अंशांपर्यंत तापली की एका घनमीटरचे वजन सुमारे ०.७५ किलोच उरते. म्हणजे पाइपातला वायू बाहेरच्या हवेपेक्षा हलका होतो आणि वर जातो. त्याच्या जागी शेगडीच्या तोंडातून नवी हवा आत खेचली जाते.

ही ओढ किती असते? तीन मीटर उंच पाइप धरा. ०.४५ × ३ × ९.८ केले तर साधारण १३ पास्कल येते. हवेचा नेहमीचा दाब एक लाखाहून थोडा जास्त पास्कल असतो. त्यापुढे १३ म्हणजे काहीच नाही. पाण्याच्या जेमतेम १.३ मिलिमीटर थराचा दाब तेवढा असतो. एवढ्याशा ओढीवर सगळा धूर बाहेर जायचा असतो. म्हणून एक जादा कोपर, काजळीचा एक थर, एक झोकलेला तुकडा, यांतल्या कशानेही ती संपू शकते.

या हिशेबातून आमच्या कौलांच्या युक्तिवादाचे उत्तर मिळते. चांगल्या चाललेल्या पाइपात आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. त्यामुळे जोडात बारीक फट असली तर धूर बाहेर येत नाही, उलट खोलीतली हवा आत जाते. म्हणजे धुरासाठी चुणी वर असो की खाली, फरक पडत नाही. फरक पडतो तो त्या काळ्या द्रवासाठी.

चुणी नेहमी शेगडीकडे

लाकूड पूर्ण जळले नाही तर धुरात पाण्याची वाफ आणि डांबरासारखे पदार्थ राहतात. पाइपाच्या थंड भागाला लागून ते घट्ट होतात आणि आतल्या बाजूने खाली ओघळतात. धूर वर जातो, पण द्रव खाली येतो, हे आम्ही विसरलो होतो.

आता विचार करा. आम्ही केले होते तसे वरचा पाइप खालच्याच्या बाहेरून बसवला, तर ओघळ वरच्या पाइपाच्या आतल्या भिंतीवरून येऊन थेट जोडाच्या फटीतून बाहेर पडणार. वरच्या पाइपाचे चुणीचे टोक खालच्याच्या आत गेले, तर ओघळ खालच्या पाइपाच्या आतच पडणार आणि शेवटी शेगडीत जाऊन जळून जाणार. बाटलीत तेल ओतताना आपण नरसाळ्याची नळी बाटलीच्या आत घालतो, बाटलीचे तोंड नळीच्या आत घालत नाही. तसेच हे. कौले बाहेरच्या पाण्यासाठी असतात, पाइपातला द्रव आतला आहे, म्हणून नियम उलटा. थोडक्यात, चुणी नेहमी शेगडीकडे. पहिल्या तुकड्याचीही चुणी शेगडीच्या गळ्याच्या आत बसली पाहिजे.

जोडणी क्रमाने

१. शेगडीच्या गळ्याचा व्यास मोजा. गळा सहा इंची असेल तर पाइपही वरपर्यंत सहा इंचीच हवा. मध्ये चार इंची तुकडा घातला तर ओढ तिथेच अडते.

२. शेगडीला लागून येणारा पहिला तुकडा जस्ताचा मुलामा दिलेला नसावा. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळते आणि फार तापले तर त्याची वाफ छातीला घातक असते. तिथे साधा काळा पत्रा वापरावा, तोही जरा जाड.

३. शक्य तेवढे उभेच जा. कोपर दोनपेक्षा जास्त नकोत. आडवा तुकडा लागलाच तर आखूड ठेवा आणि बाहेरच्या दिशेने चढता ठेवा, मीटरमागे निदान दोन सेंटिमीटर. आमचा तुकडा मध्ये झोकला होता, म्हणजे तिथे धुराला उतरून पुन्हा चढावे लागत होते. आडव्या तुकड्याची शिवण वरच्या बाजूला ठेवावी, म्हणजे तिच्यातून गळत नाही.

४. प्रत्येक जोडाला तीन स्क्रू, सारख्या अंतरावर. नुसता दाबून बसवलेला पाइप तापल्यावर पसरतो, थंड झाल्यावर आकसतो आणि हळूहळू सुटतो. लांब पाइपाला भिंतीत पट्टीचा आधार द्यावा.

५. एकेरी पत्र्याचा पाइप लाकडापासून, पडद्यापासून, गादीपासून निदान दीड फूट दूर हवा. लाकूड रोज तापत राहिले की वाळत जाते आणि एखाद्या दिवशी कमी उष्णतेलाही पेट घेते. लाकडी छतातून किंवा फळीच्या भिंतीतून असा पाइप सरळ कधीच काढू नये. विटांच्या किंवा मातीच्या भिंतीतून काढावा.

६. पाइपाचे वरचे टोक छपराच्या बरेच वर हवे. काही देशांत एक सोपा नियम पाळतात: जिथून पाइप बाहेर येतो तिथून तीन फूट वर, आणि दहा फुटांच्या आत असलेल्या कुठल्याही भागापेक्षा दोन फूट वर. टोक आढ्यापेक्षा खाली राहिले तर आढ्यावरून उतरणारा वारा धूर परत खाली ढकलतो.

७. छपराबाहेर शक्यतो जोड येऊ देऊ नये, तिथे एकच अखंड तुकडा वापरावा. कारण चुणी खाली ठेवल्यावर बाहेरचा पाऊस त्या जोडातून आत जाऊ शकतो. टोकावर पत्र्याची टोपी हवी, पण टोपी आणि पाइप यांच्यात मोकळी जागा सोडून.

८. हवा आत यायची वाट ठेवा. खोली घट्ट बंद असेल तर पाइप ओढणार काय? एक झरोका किंवा खिडकीची फट उघडी हवीच.

पेटवण्याची एक युक्तीही उस्तादांनी दाखवली. पाइप थंड असतो तेव्हा ओढ नसते, म्हणून सुरुवातीला धूर खोलीत येतो. आधी कागदाचा एक बोळा गळ्याजवळ पेटवला की पाइप थोडा तापतो आणि मग लाकडे पेटवली तरी धूर सरळ वर जातो.

पाइपातले डांबर

तो काळा द्रव वाळला की पाइपात चकचकीत थर बसतो. हा थर स्वतः जळाऊ असतो. तो साठत गेला आणि एके दिवशी मोठी आग केली, तर पाइपातच पेट घेतो. पाइप लाल होतो, आगगाडीसारखा आवाज येतो. अशा वेळी शेगडीची हवेची तोंडे बंद करावीत, सगळ्यांना बाहेर काढावे आणि अग्निशमन दलाला बोलवावे. तापलेल्या पाइपावर पाणी मारू नये.

त्यापेक्षा थर बसूच न देणे सोपे. वाळलेले सरपण वापरावे. ओल्या लाकडाची बरीच उष्णता पाणी आटवण्यात जाते, धूर थंड राहतो आणि थर भराभर वाढतो. रात्रभर टिकावी म्हणून हवा बंद करून आग धुमसत ठेवणे हेही त्याचे मोठे कारण. रोज वापर असेल तर पाइप महिन्यातून एकदा ठोकून आणि ब्रशने साफ करावा.

न दिसणारा वायू

आमची डोकी का दुखली? लाकूड किंवा कोळसा अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. मग श्वास चालू असूनही शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. डोकेदुखी, चक्कर, मळमळ ही पहिली लक्षणे. झोपलेल्या माणसाला ती कळतच नाहीत आणि तो झोपेतच जातो. एकाच खोलीतल्या दोन-तीन जणांचे डोके एकदम दुखू लागले तर बसला दोष देऊ नका, दार उघडा आणि बाहेर पडा. बरे वाटले नाही तर डॉक्टरकडे जा.

निखारे धूर करत नाहीत म्हणून ते निर्धोक, हा समज सर्वांत वाईट. आपल्या छत्तीसगडात हिवाळ्यात घरोघरी गोरसी पेटते. मातीच्या त्या भांड्यातल्या निखाऱ्यांवर हात शेकायला छान वाटते, पण गोरसीला पाइप नसतो. अंगणात ती चांगली, बंद खोलीत झोपताना मुळीच नाही. सिगडीचेही तेच.

उस्तादांची बरीच नोकरी उत्तरेच्या डोंगरात झाली आहे. त्यांच्या तुकडीत बुखारी चालू असताना एक जण जागा राहायचा आणि झोपण्यापूर्वी ती विझवली जायची. त्या उंचीवर हा प्रश्न एवढा मोठा आहे की डीआरडीओच्या 'डिपास' या दिल्लीच्या प्रयोगशाळेने जवानांसाठी 'हिम तापक' नावाचे वेगळे तापयंत्र बनवले. कार्बन मोनॉक्साइड आणि आगीचा उलटा भडका यांपासून जवानांचा जीव वाचावा हा त्यामागचा एक मुख्य हेतू आहे.

वर्ध्याची चूल आणि ओडिशाचा धडा

चुलीला पाइप लावायची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. गांधीजींनी १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू केला. त्याचे काम वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा पाहत. तिथेच तयार झालेली धुराडे असलेली 'मगन चूल' प्रसिद्ध झाली. पुढे १९८० च्या दशकात सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि देशभर निर्धूर चुली बसवल्या गेल्या. पुण्याच्या 'आरती' या संस्थेने दोन वैलांची, धुराडे असलेली 'लक्ष्मी' चूल साच्यातून बनवायची पद्धत रूढ केली.

मग आजही स्वयंपाकघरे काळी का? याचे एक उत्तर शेजारच्या ओडिशातून मिळते. रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या गावांत धुराड्याच्या चुली मिळालेल्या कुटुंबांचा काही वर्षे अभ्यास केला. पहिल्या वर्षी घरातल्या बायकांच्या फुप्फुसांत जाणारा धूर कमी झाला. नंतर तो फायदा उरला नाही. लोकांनी चुली नियमित वापरल्या नाहीत आणि त्यांची निगाही राखली नाही. म्हणजे पाइप लावणे हे निम्मेच काम आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. मी हा आकडा वाचला तेव्हा मला देवरीची मामी आठवली.

मामीची चूल

माझे आजोळ गोंदिया जिल्ह्यात, देवरीजवळच्या एका गावी आहे. मामीकडे गॅस आहे. पण अंघोळीचे पाणी, भाकरी आणि गुरांचे आंबोण चुलीवरच होते. तिच्या चुलीला पूर्वी सिमेंटचा पाइप होता. तो मी लहानपणापासून गोठ्यात आडवा पडलेला पाहत होतो. मामीला सकाळचा खोकला आहे, तोही मी लहानपणापासून ऐकतो आहे. या दोन गोष्टींचा संबंध मी कधी लावला नव्हता.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी विचारले, "मामी, पाइप का काढला?" ती म्हणाली, "अरे बाळा, पावसाळ्यात पाणी थेट भाकरीवर पडायचं. दोन वर्षं काढली, मग काढून टाकला."

पाइप बसवणाऱ्याने टोपी दिली नव्हती आणि कौलांजवळची फटही बुजवली नव्हती. मी आणि मामांनी गावातल्या पत्रेवाल्याकडून काळ्या पत्र्याचे तीन तुकडे, एक टोपी आणि पाइपाभोवती बसणारा चौकोनी पत्रा करून घेतला. जुना सिमेंटचा पाइप तसाच ठेवला. अशा पाइपांत बहुधा ॲस्बेस्टॉस असतो. तो कापला किंवा फोडला तर धूळ छातीत जाते. पाइपाजवळच्या लाकडी पट्ट्या मामांनी कापून मागे घेतल्या. चौकोनी पत्र्याची वरची कड कौलांखाली आणि खालची कड कौलांवर घेतली. बाहेरच्या पाण्याला कौलांचाच नियम! आतले जोड मात्र चुणी खाली ठेवून केले. मागच्या वैलाजवळ पाइपाचा बुडखा चिखलाने लिंपला आणि तिथे राख काढायला वीट बसेल एवढे तोंड ठेवले.

पहिल्या दिवशी चूल पेटवताना थोडा धूर आलाच. मग मी कागदाचा बोळा पाइपाखाली पेटवला आणि धूर वर गेला. मामी म्हणाली, "सरपण जरा जास्त लागेल वाटतं." तेही खरे होते. ओढ वाढली की लाकूडही भराभर जळते. म्हणून आता ती मोळी बारीक फोडून थोडी थोडी घालते.

पावसाळ्यात मी फोन करून पहिला प्रश्न विचारला तो भाकरीचा. पाणी पडत नाही, असे मामी म्हणाली. खोकला अजून आहे. इतक्या वर्षांचा खोकला एका पाइपाने जाणार नाही, हे मलाही कळते. पण माझी धाकटी मामेबहीण रोज त्याच चुलीपाशी बसून अभ्यास करते. तिला तो लागू नये एवढे तरी होईल. पाइप झाडायचे काम मी तिच्याकडेच दिले आहे, महिन्याच्या पहिल्या रविवारी.

मित्रांनो, तुमच्याही गावी कुठेतरी असा काढून ठेवलेला पाइप पडलेला असेल. सुट्टीत गेलात की तो का काढला हे आधी विचारा, बसवण्याचे काम त्यानंतर. आणि जोडताना लक्षात ठेवा: चुणी शेगडीकडे, आडवा तुकडा चढता, टोक आढ्याच्या वर, आणि खिडकी थोडी उघडी.